मोठ्या कुत्र्याला घरात शी-शूची शिस्त लावताना: तुमचे अनुभव

पिल्लाला सवय कशी लावायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पाच-सहा वर्षांचं, कधीच घरात न राहिलेलं कुत्रं आणलं की ऐकू येतं, "या वयात काय शिकणार!" शिकतं. ज्यांनी शिकवलंय त्यांनी लिहा, आणि नेमकं काय केलं ते लिहा.

सुरुवात मी करते. आमची काळी शेल्टरमध्ये सिमेंटच्या पिंजऱ्यात वाढलेली. गवतावर नेलं की नुसती हुंगत राहायची आणि घरात शिरल्याशिरल्या लादीवर मोकळी व्हायची. हट्ट नव्हता तो. पायाखाली कडक, गार जमीन लागली की बसायचं, एवढंच तिला ठाऊक. म्हणून आधी तिला इमारतीमागच्या काँक्रीटवरच न्यायला लागलो. झालं की तिथल्या तिथे खाऊ. दारात पोचल्यावर दिला तर तिला वाटणार, घरात आल्याबद्दल मिळाला. उठल्यावर, जेवल्यावर, झोपण्याआधी, वेळा अगदी ठरलेल्या. मधल्या वेळात ती पट्ट्याने माझ्या कमरेला, म्हणजे नजरेआड होणं नाही. काँक्रीटवर बस्तान बसल्यावर रोज थोडं थोडं गवताच्या कडेला सरकलो. आता गवताशिवाय बसत नाही.

*

आमच्याकडचं कुत्रं पुन्हा पुन्हा गालिच्याच्या एकाच कोपऱ्यात करायचं. आधीचा वास आपल्याला येत नसला तरी कुत्र्यांना येतो. अमोनिया असलेलं क्लीनर तर अजिबात नको, लघवीलाही तसाच वास असतो. एन्झाइमवालं, म्हणजे वासाचं मूळच मोडणारं क्लीनर ओतून मुरू दिलं, तेव्हा तो कोपरा सुटला.

*

वर्षानुवर्षं शहाण्यासारखी वागणारी कुत्री अचानक घरात करायला लागली, तर शिस्त नंतर, आधी व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर. आमची खूप पाणी प्यायला लागली होती. तपासणीत मधुमेह निघाला. मूत्रमार्गाचा संसर्ग, किडनीचा त्रास, स्टेरॉइडच्या गोळ्या, काहीही असू शकतं. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या काही माद्यांची झोपेत गादी ओली होते, त्यावर औषध मिळतं. आणि कृपा करून पाणी तोडू नका.

*

आमच्या नराचं प्रकरण वेगळं. सोफ्याच्या पायावर तंगडी वर आणि चार थेंब. ही आपल्या जागेची खूण करणं झालं, लघवी करून मोकळं होणं नव्हे. नसबंदीने बरंच कमी झालं, पण मुरलेली सवय पूर्ण गेली नाही. पाहुण्यांचं कुत्रं येऊन गेलं की अजूनही लक्ष ठेवावं लागतं.

*

आमच्याकडे आलेल्याला आधीच्या घरी बहुतेक मार बसला असावा. पट्टा हातात असेपर्यंत बाहेर काही करायचा नाही, घरी आल्यावर सोफ्यामागे जाऊन गुपचूप करायचा. माणसासमोर केलं की मार बसतो, हे तो शिकला होता. नाक घासणं, ओरडणं यातून कुत्र्याला एवढंच कळतं. मी लांब दोरी घेतली, पाठ फिरवून उभा राहायचो. पहिल्यांदा झालं तेव्हा मान खाली घालून माझ्याकडे बघत होता. मी हळूच "शाब्बास" म्हटलं आणि खाऊ जमिनीवर टाकला. घरात सांडलं तर चकार शब्द न काढता पुसायचं, हा घरातल्या सगळ्यांना नियम. पुढे माझ्या पायाशीच करायला लागला.

*

आमचा म्हातारा रात्री कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, दार कुठे ते विसरतो. व्हेट म्हणाले, वयामुळे मेंदू थकलाय. त्याला आता शिकवत नाही. दिव्याखाली शोषून घेणारे पॅड आणि मध्यरात्री एक फेरी, यावर छान निभतंय.