बाजू मांडणारा निबंध: विरुद्ध मुद्दा लिहावा की टाळावा?

नेरूळची विद्यार्थिनी
नमस्कार. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकते. नवी मुंबईतील सीवूड्सच्या पाणथळ जागांवर बांधकाम होऊ देऊ नये, अशी बाजू मांडणारा निबंध मला लिहायचा आहे. तेथे येणाऱ्या फ्लेमिंगो पक्ष्यांची माहिती हाताशी आहे. परंतु शहराला घरांची गरज आहे हा विरुद्ध बाजूचा मुद्दा मलाही खरा वाटतो, आणि तो लिहिला तर माझी बाजू लंगडी पडेल अशी शंका येते. तो टाळावा का? लिहायचा तर कोठे?

निवृत्त मराठी शिक्षक, नौपाडा
जरूर लिहावा, आणि आपल्या उत्तराच्या आधी लिहावा. आपल्याकडील शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, आधी मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत आहे, आणि तो मानणाऱ्यालाही ‘माझे म्हणणे हेच’ असे वाटावे इतक्या प्रामाणिकपणे तो मांडायचा असतो. ‘काहींना पैशापुढे निसर्ग दिसत नाही’ असे लिहिणे ही निव्वळ हेटाळणी होय.

मात्र घरांची गरज हा तुमच्यापुढचा सर्वांत कठीण आक्षेप नाही. मुंबईवरचा ताण कमी व्हावा म्हणूनच 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, तेव्हा घरे हवीत हे एका वाक्यात मान्य करून पुढे जा. घरे हवीत आणि ती याच पाण्यावर हवीत, ही दोन वेगळी विधाने आहेत. खरा आक्षेप असा की, ठाणे खाडीत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये खाडीचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला, मग अभयारण्याबाहेरची जमीन कशासाठी अडवायची?

याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी तेथे चरतात, आणि भरतीने तो बुडाला की सीवूड्समधील पाम बीच रस्त्यालगतच्या उथळ पाण्यात येऊन थांबतात. तेथे भराव पडला तर अभयारण्य कागदोपत्री शाबूत राहील, पण भरतीच्या वेळी पक्ष्यांचा जवळचा थारा जाईल. हा दुवा स्पष्ट लिहा. पुष्कळ निबंधांत माहिती असते, मागणीही असते. माहितीवरून ती मागणी का निघते हे सांगणारे वाक्य तेवढे नसते, आणि जाणता परीक्षक नेमके तेच शोधतो.

विधी शाखेची विद्यार्थिनी, ऐरोली
सरांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडते. अशा निबंधांत मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाचा दाखला सर्रास दिला जातो. खारफुटीचा नाश हा घटनेच्या कलम 21 चा, म्हणजे जीविताच्या हक्काचा, भंग ठरतो, असे त्यात म्हटले आहे. पण तो निकाल खारफुटीबाबत आहे, सरसकट प्रत्येक पाणथळ जागेबाबत नाही. पुरावा जेवढे सिद्ध करतो तेवढेच त्याच्याकडून वदवून घ्यावे. आणि पक्ष्यांविषयीची ओढ लपवू नकोस; फक्त ती पुराव्याच्या नंतर येऊ दे.

नेरूळची विद्यार्थिनी
सर, ताई, मनापासून आभार. मुख्य परिच्छेद असा लिहिला आहे: ‘नवी मुंबईला घरे हवीत हे मान्यच आहे. अभयारण्य असताना ही जागा का राखावी, हा प्रश्नही रास्त आहे. परंतु भरतीच्या वेळी अभयारण्यातील चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना या जागेशिवाय दुसरा कोणताही आसरा राहत नाही. म्हणून अभयारण्य राखायचे असेल तर ही जागाही राखली पाहिजे.’

निवृत्त मराठी शिक्षक, नौपाडा
रचना उत्तम साधली आहे. ‘दुसरा कोणताही आसरा राहत नाही’ हे मात्र बदला. उरणच्या बाजूलाही पाणथळ जागा आहेत, आणि त्यांतील एकीचे नाव घेताच तुमचे विधान कोसळेल. ‘पक्ष्यांना खाडीलगतचा जवळचा आसरा ही जागा देते’ असे लिहा.