लॅपटॉप चार्जरची वायर कुठे तुटली? अनुभव लिहा

अडॅप्टरचा ठोकळा ठणठणीत आणि वायर मात्र गेलेली, असं घरोघरी दिसतं. जाते तीही मधे नाही, पिनेच्या मानेपाशीच. तिथे रबरी बाही असते खरी, पण पुष्कळदा इतकी कडक की सगळा बाक ती संपते तिथेच पडतो आणि आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. तुमचं काय झालं?

कोथरूडकर: पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत नेला. मान कापून नवी पिन सोल्डर करून मिळाली. घरी लॅपटॉप सुरू होतो, बॅटरी काही चार्ज होईना! काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध बारीक सुई असते. ती वीज नेत नाही, अडॅप्टर कुठला, किती वॅटचा हे लॅपटॉपला कळवते. तिची तार जोडलीच नव्हती. परत गेलो तर दुकानदार म्हणतो, "मग आधी सांगायचं ना!"

सिंहगडरोडवाली: आमचे हे वायर ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळतात. दोनदा सांगून झालं, आता वेल्क्रोची पट्टीच आणून ठेवलीय. पट्टी ड्रॉवरमध्ये सुखरूप आहे.

मांजरप्रेमी: चुंबकाची पिन घ्या. अ‍ॅपलने २००६ मध्ये मॅगसेफ आणलं, २०१६ पासून काढत नेलं आणि २०२१ मध्ये परत आणलं. वायरीत कुणी अडकलं तर पिन सुटते, लॅपटॉप टेबलावरच राहतो. आमच्याकडे ही चाचणी रोज होते.

टाइपसी: माझा चार्जर यूएसबी टाइप-सीचा, त्याची वायर दोन्हीकडून निघते. मानेत गेली, तेवढीच बदलली. मात्र ६० वॅटच्या वर साधी चालत नाही, पाच अँपिअरची, आत ओळखचिप असलेली लागते. हीच रचना सगळ्यांनी आधीपासून का केली नाही, कळत नाही.

कोथरूडकर: @टाइपसी, वायर स्वस्तात सुटली, पण पोर्ट ढिलं झालं की? गोल पिनेचा जॅक बऱ्याच लॅपटॉपमध्ये वेगळ्या छोट्या वायरीवर असतो, काढून दुसरा बसतो. सी पोर्ट बहुधा थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेलं.

टाइपसी: मान्य. म्हणून दोन पोर्टं असलेला घेतला, चार्जिंगला आलटून पालटून वापरतो.

सिंहगडरोडवाली: काटकोनी पिनेने फरक पडतो का? मांडीवर लॅपटॉप घेतला की सरळ पिन पायाला टेकून वाकते. कुणी वापरली असेल तर लिहा.