लोंढ्याच्या रेल्वेतले आजोबा स्कॉटलंडचे, त्यांच्या आईवडिलांची नोंद कशी शोधायची?

खानापूरकर

नमस्कार मंडळी, विचारू विचारू म्हणत राहूनच जात होतं. माझ्या आईच्या आईचे आजोबा स्कॉटलंडहून आलेले, सदर्न मराठा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, लोंढ्याला क्वार्टर, लग्न इथल्याच ख्रिश्चन घरात केलं आणि परत काय गेले नाहीत. पुढची माणसं सगळी खानापूर-बेळगावातच वाढली, घरात मराठी, बाहेर कन्नड, तिकडचं कुणालाच काही माहीत नाही. वडिलांच्या बाजूचं बरं आहे ओ, हेळवी दारात आला की मागच्या पिढ्या धडाधड सांगतो, पण ही बाजू त्याच्या वहीत कुठनं येणार.

माझ्याकडं दोनच गोष्टी आहेत. जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर शाईनं त्यांचं नाव आणि खाली किल्मारनॉक, आयरशायर. दुसरी लग्नाच्या नोंदीची नक्कल, साल १८८७, वय २९, वडिलांचं नाव जॉन. आईचं नाव कुठंच नाही. नेटवर बघायलोय तर कुणीतरी आयती वंशावळ चढवलीय, नाव जुळतंय, पार १६०० पर्यंत नेलीय. ती धरून चालू काय? आजीनं नव्वदी ओलांडलीय, तिला तिच्या आजोबांच्या आईचं नाव तरी सांगावं एवढंच मनात आहे.

शहापूरचे मास्तर

ती आयती वंशावळ आधी बाजूला ठेवा. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नसतं, आणि स्कॉटलंडात तर नावं मोजकीच, जॉन जेम्स रॉबर्ट विल्यम, आपल्याकडं एका गावात चार मारुती पाटील निघतात तसं. आपल्या हातात जे पक्कं आहे तिथनं एकेक पिढी मागं जायचं, वरनं खाली यायचं नाही.

तुमचं साल मात्र फार चांगलं पडलंय. १८८७ ला २९ म्हणजे जन्म १८५७-५८ च्या आसपास, आणि स्कॉटलंडात सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. म्हणजे ते तीन-चार वर्षं आधी जन्मले असते तर निव्वळ चर्चच्या भरवशावर राहायला लागलं असतं. त्याआधीची ती जुनी पॅरिश रजिस्टरं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या नोंदींच्या वह्या, १५५३ पासून १८५४ पर्यंतच्या, सगळ्यात जुनं पर्थशायरमधल्या एरोलचं. त्यात बाप्तिस्मा आणि लग्नाआधी चर्चमध्ये व्हायची ती लग्नाची घोषणा मिळते, दफनाच्या नोंदी फार कमी, आणि मूल जन्मलं म्हणून नोंद असेलच असं नाही. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरीब माणूस कशाला नोंदवतोय. १८४३ ला चर्च फुटलं, साधारण एक तृतीयांश पाद्री बाहेर पडून फ्री चर्च काढलं, त्या घरातली पोरं सरकारमान्य चर्चच्या रजिस्टरात बऱ्याचदा सापडत नाहीत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण आईवडिलांच्या लग्नापर्यंत पोचलात की ह्याच ठिकाणी अडकायला होतं.

आता काम. स्कॉटलंड्सपीपल म्हणून साइट आहे, तिथल्या सरकारी अभिलेखागाराचीच. खातं उघडायला आणि इंडेक्स, म्हणजे नावांची यादी, शोधायला पैसे नाहीत, मूळ पानाचं चित्र उघडायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. जन्म १८५६ ते १८५९ असं सैल धरून शोधा, वय लिहिताना लोक अंदाजानंच लिहायचे. नुसतं किल्मारनॉक नको, शेजारचं रिकार्टन आणि किल्मॉर्स पण बघा, परगावी गेलेला माणूस जवळच्या मोठ्या गावाचंच नाव सांगतो. आडनावाचं स्पेलिंग पण चार तऱ्हेनं टाकून बघा, मॅक असेल तर जास्तच.

आणि आजीबाईंना जे पाहिजे ते तिकडं हमखास मिळतं बघा. स्कॉटलंडच्या जन्मदाखल्यात आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं, आणि मृत्यूच्या दाखल्यात मेलेल्या माणसाच्या आईवडील दोघांची नावं असतात. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांचा रकानाच नव्हता. जन्माची वेळसुद्धा लिहितात, किती वाजता ते.

कॅम्पातली ताई

खानापूरकर दादा, मास्तरांनी तिकडचं सांगितलं, मी इकडचं सांगते, कारण इकडचं पुरतं गोळा केल्याशिवाय तिकडं कितीही शोधा, चार जणांतला आपला कोण ते कळत नाही.

तेव्हा बेळगाव, धारवाड सगळं मुंबई इलाख्यात. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन ह्यांच्या नकला इलाख्याच्या ठिकाणी जायच्या आणि तिथनं लंडनला. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदात आहेत, मुंबई इलाख्याची मालिका एन/३, मद्रासची एन/२, बंगालची एन/१. बरेच लोक कर्नाटक म्हटल्यावर मद्रासमध्ये शोधत बसतात आणि काही मिळेना म्हणून सोडून देतात. स्कॅन फाइंडमायपास्टवर आहेत, पैसे पडतात, पण फिबिस म्हणून संस्था आहे, ब्रिटिश काळातल्या भारतातल्या कुटुंबांचं काम करणारी, त्यांचा शोध फुकट आहे, तिथनं सुरुवात करा.

लग्नाच्या नकलेवर साक्षीदारांच्या सह्या आहेत का ते भिंग लावून बघा. त्यांच्याच आडनावाचा कुणी असला तर भाऊ किंवा चुलतभाऊ पण इकडं आलेला असू शकतो. आणि त्यांच्या सगळ्या पोरांची नावं जन्माच्या क्रमानं लिहून काढा. स्कॉटिश घरात पद्धत होती, पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईची, दुसरी वडिलांच्या आईची. सगळेच पाळायचे असं नाही पण दिशा मिळते.

खानापूरकर

ताई, मास्तर, दोघांचे मनापासून आभार. आजीला विचारून पोरांचा क्रम लावला. थोरला जॉन, मग एक मुलगी, मग दुसरी मुलगी जीन. ही जीन म्हणजे आजीची आत्या, तिचं नाव घेताना आजी एकदम खुलली. साक्षीदार दोघंही वेगळ्या आडनावाचे आहेत.

इंडेक्समध्ये किल्मारनॉकला १८५६ ते ५९ मध्ये त्याच नावाची तीन पोरं निघाली. तिन्ही पानं उघडली. एकाचा बाप जॉन नाहीच, तो गेला. उरले दोघं, दोघांचेही बाप जॉन, एकाची आई ॲग्नेस, एकाची जेनेट. जीन आणि जेनेट एकच धरतात का? आणि दोघांतला आमचा कुठला हे आता कसं ठरवायचं?

निपाणीकर, सध्या ग्लासगो

मी इकडं राहतो आणि बायकोच्या घरच्यांचं हेच काम करून दिलंय म्हणून लिहितो. जीन, जेन, जेनेट, जेसी ही नावं एकाच बाईला वेगवेगळ्या कागदात लावलेली सर्रास सापडतात, तेव्हा जेनेटकडं पारडं झुकतंय हे खरं, पण तेवढ्यावर नाव पक्कं करू नको भावा. दोघांपैकी एकाला खोडून काढायचं, हीच रीत.

पहिलं, दोघांचे मृत्यू बघ. तेव्हा लहान पोरं फार दगावायची. मृत्यूच्या इंडेक्समध्ये त्या नावाचा कुणी लहानपणी गेलेला दिसला तर पान उघड, आईवडिलांची नावं असतील, लगेच कळेल ह्यातलाच का ते. दुसरं, जनगणना. दर दहा वर्षांनी आहे, १८४१ पासून. १८६१ आणि १८७१ ला दोन्ही घरं काढ, कोण कुठल्या रस्त्यावर राहतंय, बाप काय काम करतो, पोरगा १३-१४ वर्षांचा झाल्यावर कशात लागलाय. किल्मारनॉक इंजिनांचं गाव, रेल्वेचा कारखाना तिथंच होता, घरात कोण फिटर किंवा फायरमन निघाला तर बघायला पाहिजे. तिसरं सगळ्यात कामाचं, १८९१ ची जनगणना. तुझे आजोबा तेव्हा लोंढ्यात बायकापोरांत होते, म्हणजे दोघांपैकी जो १८९१ ला स्कॉटलंडात सापडेल तो तुझा नाही.

एकदा घर ठरलं की पुढं जायला एक वाट आहे. १८५८ च्या जन्मदाखल्यात आईवडिलांच्या लग्नाची तारीख नसते. १८५५ च्या एका वर्षात दाखल्यात भरपूर माहिती घेतली, आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्न कधी कुठं झालं, आधीची पोरं किती, पण रजिस्ट्रारना ते झेपेना म्हणून १८५६ ला कमी केलं, आणि लग्नाची तारीख-ठिकाण १८६१ पासून परत आणलं. म्हणून त्यांचा स्वतःचा दाखला बघून थांबायचं नाही, भावंडं शोधायची. १८५५ ला जन्मलेलं एखादं मोठं भावंड मिळालं तर फारच उत्तम, नाहीतर १८६१ नंतरचं धाकटं, त्याच्या दाखल्यात आईवडिलांचं लग्न कधी आणि कुठं झालं ते आयतं मिळतं. मग त्या तारखेनं जुन्या पॅरिश रजिस्टरात जा, आणि लक्षात ठेव, लग्नाची घोषणा वराच्या आणि वधूच्या दोन्ही पॅरिशमध्ये व्हायची, दोन्ही ठिकाणची नोंद काढ, कधी कधी एकीत फक्त नावं असतात आणि दुसरीत वधूच्या बापाचं नाव आणि गाव पण लिहिलेलं असतं.

जेनेटचंच घर ठरलं तर तिचा मृत्यू १८५५ नंतर बहुतेक इकडंच झाला असणार, पोरगा १८५८ चा आहे म्हटल्यावर. तिचा दाखला सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही आडनावानं शोध, त्यात तिचे आईवडील मिळतील, म्हणजे आजीला एक नाही, दोन पिढ्या मागची नावं सांगता येतील. १८६१ चं पान उघडलंस की इथं लिही, अक्षर लागलं नाही तर ओळी वाचून देतो.