१६१ गेमचं कार्ट्रिज लावलं की बोर्ड सारखा रीसेट होतोय, मदत हवी आहे

जॉयस्टिक_वेडा:
निओ जिओ या जुन्या आर्केड गेम मशीनच्या बोर्डसाठी १६१ गेमवालं कार्ट्रिज मागवलं होतं, काल आलं. लावून चालू केलं तर गेमची यादी दिसते, दोन-तीन सेकंदांत पडदा काळा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. स्पीकरमधून टक टक आवाज येत राहतो. कधी नशिबाने मेटल स्लग सुरू झालाच तर पहिली पातळीही पूर्ण होत नाही. विकणारा म्हणतो आमच्याकडे चालतंय. कार्ट्रिज खराब आहे का? परत करायला दोनच दिवस उरलेत, लवकर सांगा कुणीतरी.

पाना_पक्कड:
बोर्ड कुठला? एका स्लॉटचा, दोनचा की चारचा? पॉवर सप्लाय कुठला, व्होल्टेज किती? एखादं मूळ कार्ट्रिज लावून पाहिलंत का?

जॉयस्टिक_वेडा:
मूळ आहे ना, सामुराई शोडाउन. ते तासन्तास चालतं, म्हणून तर कार्ट्रिजवर संशय आहे. सप्लाय ठीक आहे, ५ व्होल्ट देतो.

रेट्रो_राणी:
एवढा खटाटोप कशाला? छोट्याशा कॉम्प्युटरवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाका, हेच सगळे गेम मिळतील. मी दोन वर्षं तसंच खेळतेय, काही अडत नाही.

जॉयस्टिक_वेडा:
ताई, माझ्याकडे बोर्ड आहे आणि मला तोच चालवायचा आहे.

अस्सल_तेच:
परत करा, विषय संपला. १६१ आकडा नुसता दिसायला, त्यात किंग ऑफ फायटर्सच्याच किती फेरफार केलेल्या आवृत्त्या भरलेल्या असतात. शिवाय अशा स्वस्त कार्ट्रिजांपैकी बऱ्याचशांत ३.३ व्होल्टच्या चिपा ५ व्होल्टच्या बोर्डाला थेट जोडतात, मधे लेव्हल बदलणारी चिप नसते. आज चालेल, पण चिपांवर आणि बोर्डावर रोज ताण. पैसे साठवा आणि एसडी कार्डवरून गेम चालवणारं निओएसडी कार्ट्रिज घ्या.

पाना_पक्कड:
चिपांबद्दल तुमचं बरोबर आहे, पण त्यांनी कुठलं कार्ट्रिज घ्यावं हे विचारलेलं नाही. टक टक हा वॉचडॉगचा, म्हणजे बोर्डावरच्या राखणदार सर्किटचा आवाज आहे. बोर्डाच्या मुख्य ६८००० प्रोसेसरने ठरावीक वेळेच्या आत वॉचडॉगला हजेरी द्यावी लागते. सेकंदाच्या साधारण आठव्या भागात ती पोचली नाही, तर बोर्ड स्वतःला रीसेट करतो. मूळ कार्ट्रिज नीट चालत असताना प्रोसेसर अडखळण्याची मुख्य कारणं दोन: कार्ट्रिजमधून चुकीचा डेटा येतोय किंवा व्होल्टेज पडतंय. वेडासाहेब, ५ व्होल्ट मोजले कुठे?

बायोस_बदलू:
युनिव्हर्स बायोस (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची बदललेली आवृत्ती) टाका. माझ्याकडे टाकल्यापासून एकदाही कटकट नाही, चीटसुद्धा मिळतात.

पाना_पक्कड:
उत्तम बायोस आहे, मीही वापरतो. पण व्होल्टेज कमी असेल तर बायोस काय करणार?

बायोस_बदलू:
माझ्याकडे फरक पडला, एवढंच सांगतोय.

जॉयस्टिक_वेडा:
सप्लायच्या टर्मिनलवर मोजले. ५.०४. बोर्ड एमव्ही-१एफझेड आहे, एका स्लॉटचा. हे आधी लिहायला हवं होतं का?

पाना_पक्कड:
हो, सगळं त्यावरच अवलंबून असतं. आता मल्टिमीटरचा काळा प्रोब बोर्डाच्या ग्राउंडवर आणि लाल प्रोब एखाद्या चिपच्या ५ व्होल्टच्या पायावर ठेवा. बोर्ड चालू असताना, एकदा सामुराई लावून आणि एकदा १६१ लावून.

जॉयस्टिक_वेडा:
सामुराई ४.८३. १६१ लावल्यावर ४.६८, आणि ४.७ च्या खाली गेलं की लगेच टक टक!

फिरवा_स्क्रू:
सापडलं. सप्लायवर ५ व्होल्टचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून ५.४ करा. मी कायम असंच करतो.

पाना_पक्कड:
नका करू! वाटेत ०.३६ व्होल्ट हरवतायत, म्हणजे रोग तारांमध्ये आहे. उद्या ती जोडणी नीट बसली तर पूर्ण ५.४ बोर्डावर येतील. ५.२५ च्या वर या जुन्या चिपांना नेऊ नये. बोर्ड मशीनला जोडणाऱ्या जामा कनेक्टरवर ५ व्होल्टसाठी चार पिना आहेत: ३, ४ आणि मागच्या बाजूला सी, डी. ग्राउंड १, २, ए, बी. हार्नेसमध्ये, म्हणजे त्या कनेक्टरच्या तारांच्या जुडग्यात, सगळ्यांना तारा आहेत का ते बघा. जास्त गेम असलेलं कार्ट्रिज जास्त करंट खेचतं, म्हणून मूळ कार्ट्रिज निभावून जातं आणि हे अडकतं.

जॉयस्टिक_वेडा:
फक्त ३ नंबरला तार आहे!! ४, सी, डी तिन्ही रिकाम्या. ग्राउंडच्या दोनच. आणि ३ ची पिन हाताला गरम लागतेय.

पाना_पक्कड:
मग झालं. चारही पिनांना जाड तारा घाला, ग्राउंडलाही. ती गरम पिन बदलाच, तिची पकड सैल झालेली असणार.

जॉयस्टिक_वेडा:
केलं. बोर्डावर ४.९८. दोन तास सलग खेळलो, एकदाही रीसेट नाही. पाना_पक्कड, मनापासून आभार, मी कार्ट्रिज परत पाठवायला निघालो होतो. आता फक्त एक राहिलं. सगळ्या गेममध्ये माणसांच्या अंगावर उभ्या रेघा दिसतात. आवाज ठीक आहे. सामुराईत रेघा नाहीत.

अस्सल_तेच:
बघा, म्हटलं होतं.

पाना_पक्कड:
थांबा. कार्ट्रिजमध्ये दोन प्लेटा असतात. सीएचए प्लेटवर चित्रांच्या रॉम (कायमचा डेटा साठवणाऱ्या चिपा), प्रॉग प्लेटवर प्रोग्राम आणि आवाजाचे नमुने. प्रोग्राम आणि आवाज ठीक, चित्र बिघडलेलं, म्हणजे सीएचए प्लेटचा संपर्क बघायचा. प्रत्येक प्लेटला १२० पिना, त्यातली एक जरी मळली तरी रेघा येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडा पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बंद बोर्डात दोन-चार वेळा घालून काढा. तरी गेल्या नाहीत तर मात्र परत करा.

जुनी_कळ:
जरा वेगळं सांगते. एमव्ही-१एफझेडवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि आजूबाजूचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) खाते. माझा एक बोर्ड असाच गेला, अजून वाईट वाटतं. बोर्ड बाहेर काढलाच आहात तर ती बघाच. काढून टाकली तरी गेम चालतात, फक्त सेटिंग आणि घड्याळ लक्षात राहत नाही. तिच्या जागी नाण्याची लिथियम बॅटरी तशीच थेट लावू नका, बोर्ड तिला चार्ज करायला बघतो. आधी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालावा लागतो.

जॉयस्टिक_वेडा:
पुसल्यावर रेघा गेल्या, तीन गेम तपासले. कार्ट्रिज ठेवतोय. बॅटरीच्या एका टोकाला हिरवट पूड दिसतेय, आत्ताच कापून काढतो. ती पूड कशाने साफ करू?

जुनी_कळ:
पांढरं व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने, मग अल्कोहोल. आणि खालचे ट्रॅक मल्टिमीटरने एकेक करून तपासा.