चेंबर आणि कोन फिल्टर लावल्यापासून आरएक्स गरम झाली की बंद पडते, काय करू?

रंकाळा_९५
मंडळी, गाडी यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक), १९९५ ची. दिवाळीत पोर्टिंग (सिलिंडरची भोकं मोठी करणं) करून घेतलं, चेंबर (मूळच्या सायलेन्सरच्या जागी फुगीर नळकांडं) बसवला, हवेच्या फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला. कार्ब (कार्बोरेटर) मूळचाच, जेटला (त्यातल्या पेट्रोलच्या बारीक भोकांना) हात लावलेला नाही. सकाळी एका किकमध्ये सुरू होते, पळते पण लई भारी. १०-१२ किलोमीटर झाले की मात्र दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थ्रॉटल सोडला रे सोडला की बंद. १० मिनिटं थांबलं की परत सुरू. मिस्त्रींनी दोनदा प्लग बदलला, आता मोठा कार्ब टाका म्हणतात. टाकू का?

पोकळ_पिस्टन
कोन फिल्टर काढ, डबा लाव, विषय संपला. पावसाळ्यात तसाही तो पाणी ओढणार आहे.

घाटवाला
भावा, खिशात हात घालायच्या आधी फुकटातल्या दोन गोष्टी कर. गाडी बंद पडली की तिथल्या तिथे प्लग काढ, इंजिनच्या डोक्याला टेकव आणि किक मारून बघ (प्लगच्या भोकापासून लांब धर, आत पेट्रोलची वाफ असते). ठिणगी नसेल तर कॉइल गरम होऊन दम तोडतेय, मग कार्बचा काही संबंध नाही.

ठिणगी चांगली असेल तर पुढच्या वेळी बंद पडायला आली की चोक थोडा ओढ. चोकवर सावरली तर गाडी लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कोन आणि चेंबरनंतर हे होणारच. मेन जेटचं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे. सिग्नलला गाडी पायलट जेट आणि एअर स्क्रूवर चालते. स्क्रू आत घेतला की मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) होतं. पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर, तिथून सुरुवात कर.

रंकाळा_९५
केलं दादा. ठिणगी निळी कडक आहे. चोक ओढला की सावरते. अजून एक, कधीकधी थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खालीच येत नाहीत, मग अचानक बंद.

सुटे_भाग_काका
बाळा, ही शेवटची ओळ पहिल्यांदा लिहायची होतीस. आरपीएम लटकतात म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय. कार्ब आणि सिलिंडरमधला रबर मॅनिफोल्ड बघ. तीस वर्षांचं रबर थंड असताना धड दिसतं, तापलं की चीर उघडते. गाडी आयडलला ठेवून त्याच्यावर साबणाचं पाणी मार, आवाज बदलला की चोर सापडला. तिथे नसेल तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक ऑइल सील.

आणि जेट बदलून गळती झाकू नकोस. आरएक्समध्ये ऑइल वेगळ्या पंपाने येतं, ते जेटवर ठरत नाही. पण पेट्रोल कमी म्हणजे उष्णता जास्त. पन्हाळ्याच्या चढाला पिस्टन जाम झाला की मागचं चाक लॉक होतं. गळती सापडेपर्यंत गाडी घरीच ठेव.

घाटवाला
काका बरोबर. आधी गळती, मग जेट.

रंकाळा_९५
काका, सापडला! मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या आत नखाएवढी चीर. नवीन रबर टाकलं, आरपीएम आता लगेच खाली येतात. बंद पडणं बरंच कमी झालंय, पण पूर्ण गेलं नाही. प्लग पांढराच, म्हणजे अजून लीन.

घाटवाला
आता जेटची पाळी. पायलट एक नंबर मोठा टाक, मेन दोन नंबर मोठा. मोठ्याकडून खाली यायचं, उलटं नाही. निडलची (कार्बमधल्या सुईची) क्लिप एक खाच खाली घे. मग मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल देऊन, क्लच दाबून तिथेच किल्ली बंद कर आणि प्लग बघ. कॉफीचा रंग आला की थांब. सिग्नलपर्यंत रेंगाळत येऊन बघितलास तर प्लग आयडलचा रंग दाखवतो.

सुटे_भाग_काका
ऑइल पंपाची केबल (थ्रॉटलबरोबर ओढली जाते ती) पण बघ. चेंबर बसवताना ती हलवलेली असते आणि पंपावरच्या खुणेवर परत कोणी आणत नाही.

पोकळ_पिस्टन
चेंबरची पण काळजी घे. पुण्यात पोलिसांनी असल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलाय.

रंकाळा_९५
मूळचा सायलेन्सर माळ्यावर आहे. रविवारी जेट टाकतो. काका, खुणेवर म्हणजे थ्रॉटल बंद असताना की पूर्ण उघडा?

सुटे_भाग_काका
आरएक्सवाल्यांत यावर दोन तट आहेत. मॅन्युअलचं पान पाठवतो, मिस्त्रींनाही दाखव.