बँकॉकचा प्लॅन काय होता, आणि झालं काय? (अनुभव धागा)

अबोली_के

काल साफसफाई काढली. सासूबाईंचा कापडी बटवा हाती आला. त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. आत दोन लवंगा, अर्धी सुपारी, जपाची माळ आणि एक नाणं. आपल्या दहाच्या नाण्यासारखंच, फक्त उलटं. आपलं कडेला पिवळं आणि मध्ये पांढरं, हे कडेला पांढरं आणि मध्ये पिवळं. दहा बाथ. मागच्या बाजूला वाट अरुणचा मनोरा, वाट म्हणजे थाईत देऊळ. (हेच नाणं त्यांनी एकदा भाजीवाल्याला दिलं होतं. त्याने न बोलता परत केलं.)

जानेवारी २०१३. आम्ही तिघं, तीन दिवस. नवऱ्याने एक्सेलमध्ये वेळापत्रक केलेलं, रंग भरून. ८.३० राजवाडा. १०.४५ झोपलेला बुद्ध (२५ मि.). ११.३० होडीने पलीकडे, वाट अरुण (३० मि.). १२.१५ जेवण. स्वच्छतागृहालासुद्धा वेगळा रंग होता. तेव्हा व्हिसा उतरल्यावर मिळायचा, हजार बाथ आणि फोटो देऊन. त्या रांगेतच दोन तास गेले आणि शीटची पहिली ओळ तिथेच मेली.

वाट अरुणला सासूबाई नऊवारीत. मनोऱ्याला हात लावला आणि म्हणाल्या, "अगो, ह्या तर बश्या!" खरंच. चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, त्यांची फुलं-पाकळ्या करून अख्खा मनोरा मढवलाय. "आपण कान तुटलेला कप घरात ठेवत नाही, ह्यांनी देवळाला लावला." मग खाली सावलीत बसल्या. शेजारी कमळाच्या कळ्या घेऊन त्यांच्याच वयाची एक बाई. ती थाईत बोलतेय, ह्या मराठीत. ती कळीची एकेक पाकळी आत दुमडत होती, ह्यांनी बघून बघून दोन कळ्या दुमडल्या. दोन तास! नवरा घड्याळ बघून बघून शेवटी पायरीवर जाऊन बसला. पुढच्या दोन दिवसांत काय पाहिलं ते मला फोटो बघूनच सांगता येईल.

आता लेक मैत्रिणीबरोबर चार दिवस निघालीये. काल तिने शीट पाठवली. तासातासाची. बापावर गेलीये.

लिहा बघू. तुमचा प्लॅन काय होता आणि झालं काय?

चहाबाज

पहिला! कुकर लावलाय, येतो.

डोंगरवाट

आमचा प्लॅन राजवाडा होता. झाला सूट.

फाटकापाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सज्जन गृहस्थ. म्हणे आज सकाळी पूजा आहे, पॅलेस दुपारपर्यंत बंद, तोवर हा टुकटुकवाला वीस बाथमध्ये चार देवळं दाखवेल. वीस बाथ! आमच्या पुणेरी मनाला काय आनंद झाला. पहिलं देऊळ खरं होतं. दुसऱ्या देवळाच्या जागी शिंप्याचं दुकान. एसी, थंड पाणी, मऊ खुर्ची. बाहेर आलो तेव्हा माझ्या मापाचा थ्री-पीस शिवायला टाकलेला होता. मेव्हण्याच्या लग्नात एकदा घातला. आता पँट गुडघ्याच्या वर येत नाही.

पॅलेस अर्थातच उघडा होता. संध्याकाळी कळलं. पण तिकीट विक्री साडेतीनला बंद होते.

रेवा१२

@अबोलीताई, कळीच्या पाकळ्या वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी आजी अशीच होती, कुठेही कुणाशीही गप्पा.

@डोंगरवाट, 🤣 सूट विका

डोंगरवाट

@रेवा१२ कोण घेणार? खिशावर माझी आद्याक्षरं आहेत

तात्या_ठाणेकर

आम्ही ऑफिसचे सहाजण २००४ ला गेलो होतो. कॉन्फरन्सला. खरंच कॉन्फरन्स होती हो. सर्टिफिकेट आहे, लॅमिनेट केलंय, हॉलमध्ये लावलंय. वीस वर्षं झाली, सौ. पाहुण्यांना ते दाखवून फक्त "हं" म्हणते.

मेघना_पी

धागा मस्त. आम्ही पाचजण फेब्रुवारीत चाललोय, त्यातले दोघं कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. थालीपीठाची भाजणी नेता येते का? कोणी नेलीये?

सोई_निवासी

मेट्रोत बसून लिहितोय, चुकाभूल माफ. नोकरीमुळे सहा वर्षं इथेच आहे.

आधी हे. १ मे २०२५ पासून येण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही, एवढं लक्षात ठेवा. माझ्याच मावसभावाने तीन माणसांचे पैसे भरले आणि मग मला विचारलं.

@मेघना_पी, कांदा-लसूण नको असणाऱ्यांनी "जे" हा शब्द पाठ करा. चिनी-बौद्ध पद्धतीचं जेवण, मांस-मासे-अंडी नाही, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, इंग्रजी सतरा लिहिल्यासारखं दिसतं. नुसतं व्हेज म्हणालात तर भाजीच येईल, पण तिच्यात नाम प्ला, म्हणजे माशांचा सॉस पडलेला असेल. ह्या लोकांच्या लेखी ते मीठच आहे, त्यात फसवणूक नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे जेचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, आपल्या नवरात्राच्या आसपासच. अख्खी गल्ली पिवळी होते.

अबोलीताई, लेकीला सांगा राजवाडा आणि दोन्ही वाट एकाच दिवशी होतात, पण सकाळी साडेआठला दारात हवं. २०१९ पासून मेट्रो सनाम चाइपर्यंत येते, तिथून वाट फो, म्हणजे झोपलेल्या बुद्धाचं देऊळ, चालत. तिथून समोरच्या काठाला जायची होडी पाच बाथ, बसेपर्यंत पलीकडे. दुपारी एक ते चार काहीही ठेवू नका. ऊन म्हणजे मे महिन्यातलं चेंबूर

उतरायचंय. बाकी रात्री.

चहाबाज

आलो. शिट्ट्या झाल्या.

आमची आई तिथल्या हॉटेलच्या रिसेप्शनवर. ती मुलगी हात जोडून गोड आवाजात, "सवात्दी खा!" आई म्हणते, "नको गं, आत्ताच विमानात खाल्लं." दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, किती आग्रह करते बिचारी, काहीतरी खाऊया तिच्याकडे.

रेवा१२

😂😂😂 चहा सांडला

सुलभा_काकू

चहाबाज, तो शब्द आपला स्वस्ति आहे रे. बायका शेवटी खा लावतात, पुरुष ख्रप. आदरार्थी.

तात्या_ठाणेकर

आमच्याकडे आदर नसतानाही "खा"च म्हणतात. "गिळा" पण म्हणतात.

नाखवा

दोन विमानतळ आहेत हे कुणी लिहिलं का? नसेल तर मी लिहितो, कारण मी चुकलोय.

सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एक शहराच्या पूर्वेला, एक उत्तरेला. जाताना सुवर्णभूमीला उतरलो म्हणून येतानाही ऐटीत तिथेच गेलो. काउंटरवरची बाई तिकीट बघते, माझ्याकडे बघते, परत तिकीट बघते. तिकिटावर डीएमके लिहिलं होतं. मी ते आदल्या रात्री वाचलं होतं आणि मला वाटलं विमान चेन्नईवरून जाणार. टॅक्सी, ट्रॅफिक, बायको गप्प. ती गप्प होती हे सगळ्यात वाईट. विमान गेलं. नवीन तिकिटांच्या पैशांत आख्खं गोवा झालं असतं.

डोंगरवाट

डीएमके = चेन्नई 🙏🙏 सूट तुम्हाला भेट देतो

कोकणी_माणूस

ड्युरियनबद्दल कोणीच कसं लिहीत नाही. फणसाचा लांबचा भाऊ म्हणून हौसेने घेतला. हॉटेलच्या दारावर फळावर काट मारलेलं चित्र, आत नेता येईना. मग फूटपाथवर उभं राहून चौघांनी खाल्ला. बरका आणि कापा यांच्या मधला, कस्टर्डसारखा, आणि वास म्हणाल तर गॅसचा सिलिंडर गळतोय. मला आवडला. बाकी तिघं तीन दिवस माझ्याशेजारी बसले नाहीत.

सुलभा_काकू

फणसाचा भाऊ नाही हो, कुळ वेगळं. नुसते काटे सारखे. आणि यंदा आमच्याकडे बरका आलाच नाही, माकडांनी कुयऱ्याच पाडल्या.

कोकणी_माणूस

काकू कुठे तुमचं? आमच्याकडे पण माकडं. सौर कुंपण केलं तर ती आता झाडावरूनच येतात.

सुलभा_काकू

संगमेश्वरजवळ. फटाके लावून बघ, आठवडाभर येत नाहीत.

मेघना_पी

भाजणीचं कोणी सांगेल का प्लीज

प्राची_एस

आम्ही गेलो नोव्हेंबर २०१६. राजे भूमिबोल १३ ऑक्टोबरला गेले होते, सत्तर वर्षं गादीवर होते. बुकिंग रद्द करता येईना म्हणून गेलो. आख्खं शहर काळ्या कपड्यांत. ट्रेनमध्ये मी फुलाफुलांच्या पिवळ्या कुर्त्यात, कोणी काही बोललं नाही, पण मलाच कसंतरी झालं. उतरून पहिलं काय केलं तर काळा टीशर्ट घेतला. राजवाड्याबाहेर दर्शनासाठी लांबच लांब रांग, खेड्यांतून आलेली माणसं, स्वयंसेवक पाणी आणि भात वाटतायत. मला वारीच आठवली. खरेदी, रूफटॉप, क्रूझ, यातलं काही केलं नाही. आणि वाट अरुणला परांच्या बांधलेल्या, दुरुस्ती चालू होती, बश्या काही दिसल्या नाहीत. परत जायचंय त्यासाठी.

पेशवेपार्क

लेकीच्या शीटमध्ये अयुथ्या आहे का? नसेल तर घाला, असेल आणि "अर्धा दिवस" लिहिलं असेल तर खोडा.

ऐंशीएक किमी आहे. आम्ही साध्या गाडीने गेलो, तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाथ, पंखे, खिडक्या उघड्या, फेरीवाले. कर्जत लोकलचा आनंद. हे राज्य १३५० पासूनचं, ब्रह्मी सैन्याने १७६७ ला जाळलं. म्हणजे आपल्या पानिपतानंतर सहा वर्षांनी. विटांचे उघडे स्तूप, आणि रांगेने बसलेले बुद्ध, सगळ्यांची डोकी उडवलेली. मी इतिहासाचा माणूस नाही, पण तिथे आवाज खाली गेला आपोआप. वाट महाथातला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटोला खाली बसावं लागतं, आपलं डोकं त्याच्या वर जाता कामा नये. आमच्या ग्रुपमधल्या साडेसहा फुटी माणसाला अक्षरशः आडवं केलं रखवालदाराने.

अयुथ्या म्हणजे अयोध्याच. आणि ती जळल्यावर १७८२ ला राजधानी बँकॉकला आली.

सोई_निवासी

घरी पोचलो.

@पेशवेपार्क, बँकॉकच्या अधिकृत लांबलचक नावातही अयुथ्या आहे. क्रुंग थेप महानखोन अमोन रत्तनकोसिन... पुढे बरंच. सोडवून बघितलं की देव, महानगर, अमर, रत्न, इंद्र, विश्वकर्मा सगळे सापडतात. फोनला थोरासाप म्हणतात. दूरशब्द! आपण दूरध्वनी केलं, ह्यांनी दूरशब्द. आणि ट्रेनमध्ये घोषणा होते "सथानी तो पाय, सयाम". पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी मनात "पुढील स्टेशन, दादर" म्हणायचो. अजूनही म्हणतो.

प्राची_एस

ह्याचा वेगळा धागा काढा ना

चहाबाज

सेव्हन-इलेव्हनमधून दही आणलं २०१९ ला. डब्यावर तारीख २५६२. बाबा म्हणाले, काय प्रिझर्व्हेटिव्ह घालतात रे हे लोक! (बुद्धाचं वर्ष. आपल्यात ५४३ मिळवायचे. पण तोवर दही मी एकट्याने खाल्लं होतं.)

रेवा१२

अबोलीताई, नऊवारीवरून. आता वाट अरुणच्या बाहेर थाई पोशाख भाड्याने देतात, फोटोसाठी. माझ्या मुलीने घेतला. खाली जे नेसवतात ते चोंग क्राबेन, पुढचा पदर पिळून पायांमधून मागे खोचायचा. मी म्हटलं थांब, हा तर कासोटा! नेसवणारीला मीच दाखवलं मागे कसं घट्ट खोचायचं ते. तिने मला काम देऊ केलं बहुतेक, खुणा तशाच होत्या.

अबोली_के

@रेवा, अगं म्हणूनच! तिथे दोन शाळेतल्या मुली येऊन सासूबाईंच्या कासोट्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत होत्या आणि हसत होत्या. सासूबाई रागावल्या होत्या. बारा वर्षांनी कळलं.

तर, लेकीला सगळा धागा पाठवला. तिचं उत्तर: "आई, अयुथ्या अर्धा दिवस होतं, खोडलं. टुकटुक खोडलं. एक ते चार रिकामं ठेवलंय, त्याला रंग कुठला देऊ?" काय बोलणार.

नाणं देणार होते तिच्याबरोबर. वाट फोला झोपलेल्या बुद्धाच्या पाठीमागे १०८ कटोरे आहेत, एकेकात नाणं टाकत जायचं. म्हटलं त्यात टाक. मग नको वाटलं. बटव्यात परत ठेवलंय, लवंगांजवळ.

मेघना_पी

@अबोलीताई 💛

आणि भाजणी???

नाखवा

अहो ताई, मी दोनदा नेली चेक-इन बॅगेत. कोणी विचारलं नाही. पण थालीपीठ लावणार कशावर? हॉटेलात तवा कुठे?

तात्या_ठाणेकर

इस्त्री उलटी ठेवायची.

सुलभा_काकू

तात्या!!

मेघना_पी

...तेल सांडत नाही ना?