पाकिस्तानशी व्यापार बंद ठेवून कुणाचं भलं होतंय?

सूतवाला, अक्कलकोट रोड
१९९६ मध्ये आपण पाकिस्तानला 'सर्वाधिक पसंतीचा देश' हा दर्जा दिला, म्हणजे त्यांच्या मालावर इतर देशांपेक्षा जास्त शुल्क लावायचं नाही. पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो काढला आणि त्यांच्या मालावर २०० टक्के शुल्क लावलं. ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला, पण काही आठवड्यांत औषधं त्यातून वगळावी लागली. मार्च २०२१ च्या अखेरीस त्यांच्या आर्थिक समितीनं भारतातून कापूस, सूत आणि साखर घ्यायला मंजुरी दिली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळानं ती अडवली. सूत आणि साखर, दोन्ही आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पोटापाण्याचं. हे दार कायमचं बंद ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

माजी सैनिक, बार्शी
दादा, तो दर्जा असतानाच १९९९ ला कारगिल झालं, २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. व्यापारानं कुणाचा हात धरला? १९१४ पूर्वी जर्मनी आणि ब्रिटन एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती, तरी लढलीच. पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यांच्या घरच्यांना सुताचा भाव सांगणार का?

कांदेवाला, मोहोळ
आमचं दुखणं निराळंच हाय वो. डिसेंबर २०१० मध्ये भाव चढला की लगेच अटारीवरून पाकिस्तानी कांदा आणला. जानेवारीत त्यांनीच खुष्कीच्या वाटेनं येणारा कांदा रोखला. पुढं डिसेंबर २०२३ ला आपल्याच सरकारनं निर्यातबंदी केली, ती मे २०२४ पर्यंत. तेवढ्यात आखातातली आपली गिऱ्हाइकं त्यांच्या कांद्याकडं वळली. इकडं यार्डात भाव पडले ते आम्ही सोसले. आधी हे धोरण एका जागी थांबवा, मग वाघा सीमेवरच्या व्यापाराचं बघू.

सूतवाला, अक्कलकोट रोड
काका, १९१४ चं मान्य. नुसत्या देवघेवीनं युद्ध टळत नाही. पण १९५१ ला फ्रान्स, जर्मनी आणि आणखी चार देशांनी कोळसा-पोलाद एका सामायिक संस्थेच्या हाती दिलं. त्यानंतर ते दोघे आपसात लढलेले नाहीत. आपल्याकडेही १९६० चा सिंधू पाणीवाटप करार १९६५, १९७१ आणि कारगिल पचवून टिकला. एप्रिल २०२५ ला आपण तो स्थगित केला. आणि स्पर्धा काही थांबलेली नाही. २०१४ पासून त्यांचा टॉवेल युरोपात बिनशुल्क जातो, तिथं सोलापूरची गाठ त्यांच्याशीच आहे.

माजी सैनिक, बार्शी
फ्रान्स-जर्मनीनं आधी युद्ध संपवलं, मग कोळसा वाटला. औषधं जाऊ देत, रुग्णाशी माझं वैर नाही. पण हल्ले थांबल्याशिवाय सूत आणि साखर पाठवायला माझा विरोधच राहील.